पांढऱ्या वांग्यांची आवणी

हे मार्चमध्ये गेले. भिवंडीत सुताला खळ लावायचे कारखाने आहेत, त्यांना आम्ही सायझिंग म्हणतो. तशाच एका सायझिंगच्या ऑफिसात हे कामाला होते. दुपारी डबा खाल्ला, हात धुऊन खुर्चीत बसले आणि गेले. मी तेव्हा शाळेत पोरांकडून बाराखडी म्हणून घेत होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी मीही गेले. शाळा पडघ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्या, एक व्हरांडा, हातपंप आणि मागे थोडी मोकळी जागा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजी घाटावरचे, ज्वारीच्या मुलखातले. ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही अजून महिनाभर रजा घेतली असती तरी चाललं असतं." मी म्हटलं, "घरी बसून काय करू?"  

पहिलीची पोरं पहिले पंधरा दिवस बोलत नाहीत. ती पाड्यावरून येतात, घरात त्यांची भाषा वेगळी, आणि बाई काय म्हणते ते अर्धं कळतं, अर्धं नाही. भिंतीला पाठ लावून ती बसतात. पण हातात काही दिलं की बोलायला लागतात, हे मला बारा वर्षांत कळलं होतं. म्हणून मी मागच्या जागेत दरवर्षी एक वाफा करून घ्यायचे आणि शनिवारी सकाळच्या शाळेत चित्रं काढून घ्यायचे. गेरू बाजारातून आणायचा. पांढऱ्याला तांदळाचं पीठ, पिवळ्याला हळद आणि काळ्याला खिचडीच्या चुलीतला कोळसा. रंग चिकटून राहावा म्हणून बेलफळातला डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक दातांनी चावून मऊ केलेली. हे चावायचं काम पोरांना फार आवडायचं. कागदाऐवजी पुठ्ठे होते. सुताचे कोन ज्या खोक्यांतून येतात ती खोकी हे सायझिंगमधून घरी आणत आणि रविवारी बसून त्यांचे सारखे तुकडे कापून देत. त्या वर्षीसाठीचा गठ्ठा फेब्रुवारीतच कापून झालेला होता.

एरवी या सगळ्यात मला गोडी असे. त्या वर्षी नव्हती. वाईट वाटत होतं असंही नाही. हात ठरलेलं काम करत होते. गेरू कालवताना गेरू कालवत होते, नावं पुकारताना नावं पुकारत होते. पोरं हसली की मला ऐकू यायचं, पण ते पलीकडच्या घरात कुणी हसल्यासारखं.

वाफा तयार झाला तेव्हा बी नव्हतं. पंचायत समितीकडून यायचं ते आलेलं नव्हतं. घरी कपाटात मला एक पुडी दिसली. वर्तमानपत्राचा कागद, आत राख आणि राखेत वांग्याचं बी. आमच्या गॅलरीत तेलाच्या डब्यांतून हे दरवर्षी पांढरी वांगी लावायचे. मी ती पुडी पिशवीत टाकली, शाळेत नेली आणि पोरांकडून सगळं बी वाफ्यात टाकून घेतलं. राखेसकट. त्यामागे काही विचार होता असं मी म्हणणार नाही. बी हवं होतं, बी होतं.

आठवडाभराने सासूबाईंचा फोन आला. त्या कशेळीला धाकट्या दिरांकडे राहतात. खाडीकाठचं जुनं घर आणि त्यामागची वाडी जाऊन तिथे गोदाम झालं होतं आणि त्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या. त्या फोनवर लांबण लावत नाहीत.

"जेवतेस ना गो?"

"जेवते."

"त्याच्या वांग्यांचं बी ठेवलंयस ना? माझ्याकडं काय राहिलं न्हाय आता. माझ्या सासूनं दिलेलं ते. वाडीबरोबर माझं गेलं, तेवढं त्याच्याकडंच हाय. थोडं मला दे, हितं डब्यात लावीन."

मी म्हटलं, "ठेवलंय."

फोन ठेवला. खोटं बोलले होते, तेवढं मला जाणवत नव्हतं. पण एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. त्या वांग्याचं जेवढं बी जगात होतं, तेवढं आता शाळेमागच्या वाफ्यात होतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी आधी वाफ्याकडे जायचे, मग वर्ग उघडायचे. दोन पानं, मग चार. रोपं दाट आणि चांगली उगवली होती. दर शनिवारी पोरं वाफ्याभोवती बसून ती पुठ्ठ्यावर काढायची. मी पुठ्ठे गोळा करून मागे 'छान' लिहायचे आणि कपाटात ठेवायचे.

जुलैच्या शेवटी भिवंडीला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. जाताना मी गुरुजींना सांगितलं, माझ्या पोरांना कोंडून ठेवू नका, बागेत काम द्या. तण काढतील.

तिसऱ्या दिवशी आले तर गुरुजी फाटकातच उभे. "बाई, तुमच्या पोरांनी काय काम केलंय! मी फक्त म्हणालो, बागेचं बघा. बघायला या."

वाफा रिकामा होता. एकही रोप नव्हतं. पलीकडे, हातपंपाचं पाणी साचून जिथे नेहमी डबकं होतं, तिथे पोरांनी पायांनी तुडवून चिखल केला होता. त्या चिखलात, घोट्याएवढ्या पाण्यात, माझी वांग्याची रोपं ओळीने उभी होती. तीन-तीन रोपांचा एकेक चूड, दोन चुडांत एक वीत अंतर. एक ओळसुद्धा वाकडी नव्हती.

आमच्याकडे भात असंच करतात. आधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा करायची, त्यात बी टाकायचं, रोप वीतभर झालं की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात आवणी करायची. पोरांच्या घरी ते दोन आठवडे तेच चालू होतं. रोप म्हटलं की ते उपटायचं आणि पाण्यात लावायचं, याखेरीज सहा-सात वर्षांच्या पोरांनी दुसरं पाहिलं कुठे होतं?

माझ्याभोवती सगळी जमली.

"बाई, आमी आवनी केली!"

"राब दाट झालता, बाई. उपटायला आलता."

"ह्यो मालक झालता. छत्री घेऊन बांधावर हुबा ऱ्हायला नुसता. हातच न्हाय लावला!"

"मंग मालक हात लावतो का?" तो मुलगा म्हणाला. मग छत्री धरल्यासारखी मूठ वर करून ओरडला, "चला गो, हात चालवा! चा पिऊनशान झोपलाव का?"

सगळी हसून हसून पाणी उडवायला लागली. गुरुजीही हसले. मी म्हणाले, "छान केलंत."

ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला वांगं पाण्यात उभं राहत नाही हे कळायला हवं होतं, असं नंतर मनात आलं. पण त्यांना वाटलं असेल, इकडची पद्धतच ही. विचारलं असतं तर मीही काय सांगितलं असतं? मी तिथे नव्हते.

पोरं खिचडीला बसल्यावर मी चिखलातली रोपं हलक्या हाताने काढून परत वाफ्यात लावायला घेतली. मदत करायला खिचडीवाली बाई आली. ती म्हणाली, "बाई, मुळं कुजली यांची." तरी मी सगळी लावली. पाऊस थांबतच नव्हता. पाच-सहा दिवसांत पानं पिवळी पडली, मग देठ काळे झाले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वाफ्यात एकही रोप उरलं नाही.

त्या शनिवारी पोरांनी नेहमीप्रमाणे वाफा काढला. मालक झालेल्या मुलाने कोळसा घेऊन सगळी झाडं काळी केली. मी विचारलं, "काळी का?" तो म्हणाला, "मेलीत." आणि प्रत्येक झाडाखाली त्याने जमिनीच्या आतली मुळं काढली होती, बारीक बारीक, झाडापेक्षा मोठी. पुस्तकातल्या चित्रात झाडाला मुळं नसतात. यांनी मात्र झाडं उपटून पाहिली होती. मी त्या पुठ्ठ्याच्या मागेही 'छान' लिहिलं.

पोरांना मी रागावले नाही. रागावायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. पण रात्री कणीक मळताना सासूबाईंचं वाक्य डोक्यात यायचं, आणि त्यावर माझं 'ठेवलंय'. सप्टेंबरात त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "दिवाळीला घेऊन येते." म्हणजे एकावर दुसरं चढवलं.

गुरुजींना मी एकदा सगळं सांगितलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ते फार वरमले. म्हणाले, "बाई, पडघ्याच्या बाजारात पांढरी वांगी येतात. एक जून वांगं आणू, बी काढू. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय? वांगं ते वांगं."

"हो," मी म्हटलं.

आणि खरंच, शुक्रवारी परतताना पडघ्याला उतरून मी बाजारात गेले. एका टोपलीत पांढरी वांगी होती. लांबट, गुळगुळीत. आमची गोल असायची आणि देठाला काटे असायचे. बाईने विचारलं, "किती देऊ?" मी एक वांगं हातात धरून उभी राहिले. गिऱ्हाइकं मागून ढकलायला लागली. बाई म्हणाली, "घे नायतर बाजूला हो, ताई." मी बाजूला झाले.

नवरात्राच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. चित्रं झाली, पुठ्ठे गोळा केले आणि मी टेबलाशी बसून मागे लिहायला लागले. दुसरीतली एक मुलगी माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. ही अखंड बडबडणारी, सगळ्यांच्या कागाळ्या सांगणारी. आज गप्प होती.

"काय गं?"

"बाई, तुमी बगतच न्हाय."

"काय बघत नाही?"

"चित्र. उलटं करता आन् लिवता."

मी पुठ्ठा सुलटा केला. गेरूवर पिठाच्या पांढऱ्या रेघा. एक झोपडी, एक शेळी, चूल, आणि झोपडीच्या कडेला एक झाड. झाडाला मोठमोठी पानं आणि चार गोल फळं. फळांच्या डोक्यावर टोपी, टोपीवर बारीक टिंबं.

"हे काय आहे?"

"वांगी."

"कुणाची?"

"आमची." आणि मग मला काहीच कळत नाही अशा सुरात म्हणाली, "आपली, बाई! शाळंतली!"

मी कपाट उघडलं. तिचे मागचे सगळे पुठ्ठे काढून टेबलावर ओळीने लावले. ऑगस्टमधल्या पहिल्या पुठ्ठ्यावर शेळीएवढं मोठं एकच पान होतं आणि शेळीच्या तोंडाशी काट्यांचं कुंपण. पुढच्यावर सहा पानं. मग जांभळट फूल, त्यासाठी तिने कसलीशी फळं चुरडली होती. मग एक फळ, मग चार. दोन महिने ती दर शनिवारी मला हेच सांगत होती. प्रत्येक पुठ्ठ्यामागे माझ्या अक्षरात तोच एक शब्द होता.

"तू रोपं घरी नेलीस?"

"उरली ना. मूठ उरली." ती म्हणाली. "उरल्याली मूठ फेकतात व्हय, बाई?"

तेही आमच्याकडचंच. आवणी संपली आणि रोपं उरली तर ती फेकत नाहीत. ज्याला कमी पडली असतील त्याच्या बांधावर नेऊन ठेवतात. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. पोरांनी खेळात तेवढंही सोडलं नव्हतं. शेवटची मूठ उरल्यावर मालकाने विचारलं होतं, कुणाच्या शेतात कमी पडली? आणि हिने हात वर केला होता.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले. वाटभर ती बोलत होती. मला तिच्या पावलाने चढता येत नव्हतं. ती पुढे जायची, थांबायची आणि म्हणायची, "बाई, तुमी लय हळू."

तिची आजी झोपडीपुढे उकिडवी बसून नाचणी पाखडत होती. कडेला, अंघोळीचं पाणी उतरतं तिथे, कुडाच्या आत चार झाडं होती. छातीपर्यंत आलेली. पानाखाली मी हात घातला, देठाचे काटे बोटांना लागले.

"पोरटी मूठ घेऊन आली," आजी म्हणाली. "म्हनं, राब हाय. मी बगलं, म्हनलं हे भात कंचं? हे तं वांगं! सात-आठ रोपं व्हती. चार धरली." ती हसली. "लय ग्वाड वांगी हायत गो, बाय. चुलीत भाजून खाल्ली. तू खाशील?"

"उरलीत का?"

"खायाची न्हाय उरली. ते एक हाय." तिने सूप खाली ठेवून बोट दाखवलं. मधल्या झाडावर एका फळाच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधली होती. "बियाचं. कुनी तोडू नये म्हनून बांधलंय."

मी खाली बसले. बसायचं ठरवलं नव्हतं. म्हणाले, "आजी, हे माझ्या घरचं बी आहे. माझ्या मालकांचं. ते गेले मार्चमध्ये. आणि माझ्या सासूला हवंय."

तिने माझ्याकडे पाहिलं, कपाळाकडे, गळ्याकडे. मग म्हणाली, "मंग तुजंच हाय. अर्दं तुला, अर्दं मला. पन आता तोडू नको. हिरवं बी हाय आतमदी, उगवायचं न्हाय. पिवळं व्हाया अजून दीड म्हैना."

"मी थांबते."

"तू थांबशील. आमी कुटं थांबतांव?" ती म्हणाली. "दिवाळी झाली का भट्टीवर. समदी. पोरं बी."

वीटभट्टीवर. दरवर्षी माझा अर्धा पट दिवाळीनंतर रिकामा होतो आणि ती पोरं पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मुलगी शेळीच्या कानात काही सांगत होती. मी आजीला म्हटलं, हिला माझ्यापाशी ठेवा, मी शाळेत आणीन. आजी म्हणाली, "हिची धाकटी बहीन कोन संबाळल?" मला दर वर्षी कुणीतरी हेच विचारतं. 

दिवाळी होताच ती सगळी निघाली, त्या दिवशी सकाळीच ट्रक आला होता. मला नंतर कळलं. दाराला काटेरी फांद्या लावलेल्या होत्या.

दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत आणि नंतरही मी एक दिवसाआड वर जायचे. सुट्टीत मुद्दाम भिवंडीहून यायचे. ओढ्यातून कळशी भरायची, चढायचं, चार झाडांना घालायची, पुन्हा उतरून दुसरी भरायची. फळ हळूहळू पिवळं होत गेलं. त्या चढणीवर मला काही सुचलं, काही कळलं असं झालं नाही. दम लागायचा, घाम यायचा. एकदा वर पोचल्यावर लक्षात आलं की सबंध चढणीत मी फक्त पाणी हिंदकळू नये एवढंच पाहत होते.

दिवाळीला कशेळीला मी गेले नाही. बरं नाही असं कळवलं.

डिसेंबरच्या तोंडाशी वांगं तोडलं. चिरून, पाण्यात चोळून, बी वेगळं केलं, शाळेच्या व्हरांड्यात वाळवलं. उरलेल्या पोरांनी राखण केली, चिमण्यांना आणि गुरुजींना जवळ येऊ दिलं नाही. अर्धं बी राखेत घालून आजीने सांगितल्याप्रमाणे तिच्या झोपडीच्या आढ्याला बांधून आले. अर्धं घेऊन रविवारी कशेळीला गेले.

सासूबाईंनी ते तळहातावर घेतलं, खिडकीकडे धरलं. खालून कंटेनर जात होते, काच हलत होती.

"एवढंच?"

"अर्धं एकीचं आहे."

"कुनाचं?"

मग मी सांगितलं. पुडीपासून सगळं, बाजारातल्या वांग्यापर्यंत आणि पुठ्ठ्यांपर्यंत. एका माणसाशी इतका वेळ बोलण्याची ती मार्चनंतरची माझी पहिली वेळ असेल. छत्रीवाल्या मालकाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की जाऊबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. मग हसू थांबलं.

"म्हंजे फोनवर ठेवलंय म्हनालीस तेव्हा नव्हतं."

"नव्हतं."

"मला वाटलंच. तू कदी इतकं पटकन हो म्हनतेस?"

"मग विचारलंत का परत परत?"

"तू फोन उचलावास म्हनून," त्या म्हणाल्या.

 त्यांनी वहीचा कागद मागवला. बी दोन ढिगांत केलं. एक स्वतःच्या वाटीत ओतलं. दुसऱ्याची पुडी बांधली आणि माझ्या हातात देऊन माझी बोटं मिटवली.

"समदं एका जागी ठेवू नये कदी. तुजी गॅलरी हाय ना अजून? लाव."

"मला जमत नाही, आई."

"त्याला तरी कुटं जमत व्हतं? पयल्या वर्षी समदी मारलीन."

हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

परत येताना बस भरलेली होती. भिवंडीपर्यंत उभीच आले, एका हाताने वरचा दांडा धरून. दुसरी मूठ कंडक्टरला तिकिटाचे पैसे देतानाही उघडली नाही. पर्स दातात धरली, तेव्हा शेजारची मुलगी हसली. मीही हसले असेन, कारण ती म्हणाली, "द्या मावशी, मी काढून देते."